परिचयात दफ्तराचेही नाव हवे

महोदय,

इतिहासाच्या प्राध्यापकांचा परिचय वृत्तपत्रांत छापून येतो तेव्हा त्यात पदव्या, पुस्तके, पुरस्कार सगळे असते. त्यांनी कोणत्या दफ्तरात, म्हणजे जुन्या कागदांच्या संग्रहात, बसून कोणत्या लिपीतले कागद वाचले, एवढेच बहुधा नसते. मराठ्यांच्या इतिहासापुरते तरी आधी तेच विचारायला हवे. जदुनाथ सरकारांची एम.ए. इंग्रजीची, गो. स. सरदेसाई बडोद्याच्या राजघराण्यात शिक्षक, आणि राजवाडे तर कुठल्याच विद्यापीठात शिकवत नव्हते. तरी या तिघांना वळसा घालून आज कुणाला पुढे जाता येत नाही.

मोडीचे वर्ग हल्ली बरेच निघतात, ही चांगलीच गोष्ट आहे. दहा-पंधरा दिवसांत अक्षरे ओळखू येतात. खरे घोडे अडते ते पुढे, कागदाची तारीख लावताना. पेशवाईतल्या पत्रावर बहुधा ‘छ’ म्हणजे चंद्र (हिजरी महिन्यातला दिवस), हिजरी महिना आणि अरबी शब्दांतले सुहूर सन असते, आणि खाजगी पत्रात तर सनही गाळलेला असतो. सुहूर सन मृग लागताना बदलते. म्हणून इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेर त्यात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००.

पानिपतच्या लढाईचेच घ्या. शके १६८२, पौष शुद्ध ८, बुधवार. सुहूर सन इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे १ + ६० + १०० + १००० = ११६१. यात ६०० मिळवले की १४ जानेवारी १७६१ बरोबर येते. सवयीने ५९९ मिळवले तर त्या दिवसांतली पत्रे जानेवारी १७६० मध्ये जाऊन पडतात. तेव्हा दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर पडले होते आणि भाऊसाहेब अजून दक्षिणेत, निजामावरच्या मोहिमेत होते. एका आकड्याने भाऊ एकाच वेळी दोन ठिकाणी!

पडताळा घेणे अवघड नाही. हिजरी महिना चंद्रदर्शनाने सुरू होतो, त्यामुळे शुद्ध अष्टमीला चंद्र ६ किंवा ७ असायला हवा. चंद्र आणि तिथी यांत पाच-सहा दिवसांचे अंतर दिसले, तर वाचनात कुठेतरी चूक आहे असे समजावे. घाईच्या मोडीत जमादिलावल आणि जमादिलाखर हे लागोपाठचे हिजरी महिने हमखास एकमेकांच्या जागी वाचले जातात. वार दिलेला असेल तर तोही ताडून पाहावा. पाठीमागे ‘पै॥’ लिहून दिलेली तारीख पत्र पोचल्याची, म्हणजे पैवस्तीची असते. तीच लिहिल्याची तारीख धरली की पत्र उशिराचे ठरते.

परदेशी कागदांत वेगळाच घोळ. सतराव्या शतकात इंग्रज जुनी (ज्युलियन) कालगणना पाळत. पोर्तुगीज नवी (ग्रेगोरियन), त्यांच्या दहा दिवस पुढची. शिवाय इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे जानेवारी १६६४ मधली सुरतेची पहिली लूट त्यांच्या हिशेबी १६६३ सालातच पडते. हा फरक १७५२ मध्ये मिटला. गोव्याचे आणि सुरतेचे कागद शेजारी ठेवून वाचणाऱ्याने तारखा आधी एका मापात आणल्या नाहीत, तर कोणाला बातमी आधी कळली हे तो उलटेच सांगणार.

हे शिकवायला एम.ए.च्या एका सत्रात आठवड्याला दोन तास पुरतात. विद्यार्थ्याला मूळ पत्रांच्या वीस छायाप्रती द्याव्यात, छापील तारीख झाकून ठेवावी आणि जंत्री (तारखा जुळवण्याचे कोष्टक) हाती द्यावी. पहिल्या पाच पत्रांत बहुतेक जण चुकतील. चूक कुठे झाली ते शोधण्यातच खरा तास जातो. परीक्षेत निबंधाऐवजी एखादे अनोळखी पत्र देणे अधिक बरे.

आपल्या दैनिकापुरती विनंती छोटी आहे. अभ्यासकाचा परिचय छापताना दोन ओळी वाढवाव्यात: कोणत्या भाषा आणि लिपी येतात, आणि कोणत्या दफ्तरातले किती रुमाल (कागदांचे गठ्ठे) पाहिले.

— एक वाचक, पुणे