ज्याचा माल, त्याचा हेलपाटा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत कोल्हापूरच्या ताराबाई पार्कातल्या एका गृहस्थांनी कुरिअरवाल्यांवर चांगलाच राग काढला होता. घरात दोन माणसं असताना मोबाईलवर 'ग्राहक घरी नाही' असा मेसेज आला, फोन एकदाच वाजून बंद झाला आणि पार्सल दोन दिवस फिरून आलं, अशी त्यांची तक्रार. ते पत्र मी सीएनजीच्या रांगेत, स्टिअरिंगवर पेपर पसरून वाचलं. आधी राग आला, मग कबूल करावं लागलं की गृहस्थ खोटं बोलत नाहीत. असं होतं. पाच वाजून गेलेत, अठरा नग शिल्लक आहेत आणि सातला हबवर, म्हणजे कंपनीच्या गोदामावर, हिशेब द्यायचाय, अशा वेळी मीही दोन-चारदा एक रिंग देऊन ॲपवर 'दार बंद' मारलेलं आहे. चूक ती चूकच. पण ती का होते ते कंपनी काही सांगणार नाही, म्हणून हे पत्र.

2018 पर्यंत मी शिरोली एमआयडीसीत लेथवर होतो. ओव्हरटाइम बंद झाला तशी हप्त्यावर बंद बॉडीची छोटी गाडी घेतली, जोतिबाला नेऊन गुलाल लावून आणली आणि एका कुरिअरकडे अटॅच केली. कागदावर मी 'व्हेंडर', गल्लीत 'गाडीमालक'. सकाळी साडेसहाला हायवेकडच्या हबवर जायचं, नग स्कॅन करून घ्यायचे, रन शीटप्रमाणे, म्हणजे त्या दिवसाच्या थांब्यांच्या यादीप्रमाणे, गाडी लावायची. शेवटचा थांबा सगळ्यात आधी आत, पहिला थांबा दाराशी. जड नग खाली, औषधं आणि काचेचं वर. हे चुकलं की दिवसभर भर रस्त्यात गाडी उपसत बसावं लागतं. महाद्वार रोड आणि गुजरीकडची डिलिव्हरी दुकानं उघडताच उरकायची, नाहीतर अकरानंतर गाडी उभी करायला जागा नाही. क्रेन आली तर दंड आमच्याच नावावर. मग पेठा, मग उपनगरं आणि ज्या दिवशी गावचा रूट असेल त्या दिवशी फुलेवाडीवरून पुढं.

पहिली दोन वर्षं महिन्याचं ठरलेलं भाडं होतं. नंतर दर नगावर आला. नगावर म्हणजे पोचलेल्या नगावर. मूळ दुखणं इथं आहे. पार्सल तुमच्या हातात पडलं, ओटीपी लागला, तर पैसे. तुम्ही नसलात, 'उद्या या' म्हणालात, ऑर्डर केलेलीच नाही म्हणालात, तर शून्य. दुसऱ्या दिवशी तोच नग पुन्हा न्यायचा, पुन्हा शून्याची तयारी ठेवून. तीन फेऱ्यांनंतर त्याच्यावर 'आरटीओ' असा शिक्का बसतो. आमच्या धंद्यात आरटीओ दोन. एक गाडी पासिंग करणारं सरकारी, दुसरं 'रिटर्न टू ओरिजिन', म्हणजे माल आला तिकडं परत. पहिल्या आरटीओची भीती दोन वर्षांतून एकदा, दुसऱ्याची रोज संध्याकाळी.

गगनबावड्याचा रूट घ्या. कोल्हापूरपासून साधारण 55 किलोमीटर. मागच्या पावसाळ्यात असळजच्या पुढं एका वाडीवर मोबाईलच्या कव्हरचं पार्सल होतं, कॅश ऑन डिलिव्हरी. साळवणातून फोन केला. "मी रानात हाय, म्हातारी हाय घरात, तिच्याकडं द्या." वाडीवर पोचलो. म्हातारी भली, पाण्याचा तांब्या दिला, पण पैसे तिच्याकडं नाहीत आणि ओटीपी पोराच्या फोनवर. पोराच्या फोनला आता रेंज नाही. वीस मिनिटं थांबलो. शेवटी त्या माउलीनंच सांगितलं, "जा बाबा, पाऊस वाढतोय, उद्या ये." उद्या म्हणजे पुन्हा तेवढाच रस्ता. ते कव्हर तिसऱ्या दिवशी परत गेलं. त्या तीन फेऱ्यांचा गॅस, टायर आणि दिवस माझा. कंपनीला विक्रेत्याकडून परतीचे पैसे मिळतात की नाही, मला ठाऊक नाही. मला मिळाले नाहीत एवढं पक्कं.

आता लॉरीच्या धंद्याशी तुलना करा. लक्ष्मीपुरीतल्या किंवा मार्केट यार्डातल्या कुठल्याही जुन्या हुंडेकऱ्याला, म्हणजे मालवाहतुकीच्या ठेकेदाराला, विचारा. बिल्टी, म्हणजे मालाची पावती, फाडली की भाडं ठरलं. गाडी खाली व्हायला उशीर झाला तर हॉल्टिंग, म्हणजे थांबल्याचे पैसे, मागता येतं. मिळतं किती हा भाग वेगळा, पण शब्द तरी आहे. वराईवरून, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या हमालीवरून, लॉरीवाले वर्षानुवर्षं भांडत आले, 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही त्यांची घोषणा आपल्याही पेपरात कितीदा छापून आली असेल. आमच्या छोट्या गाड्यांच्या करारात मात्र हॉल्टिंग नाही, रिकामी फेरी नाही, जिना नाही. तिसऱ्या मजल्यावर वॉशिंग मशीनचा स्टँड चढवा, तोही एकच नग. माझं म्हणणं लॉरीवाल्यांच्याच चालीवर आहे: ज्याचा माल, त्याचा हेलपाटा.

पत्त्यांबद्दलही बोललं पाहिजे, कारण निम्मे हेलपाटे तिथं जन्माला येतात. कोल्हापूरचा पत्ता घरनंबरावर चालत नाही, तालमीवर आणि तिकटीवर, म्हणजे तीन रस्ते मिळतात त्या नाक्यावर, चालतो. 'पापाच्या तिकटीजवळ', 'खरी कॉर्नरच्या अलीकडं', 'संध्यामठाच्या मागं, कुणालाही विचारा'. मला विचारावं लागत नाही, आठ वर्षं घासलीत. पण ॲपचा नकाशा अजून अडखळतो आणि नवा पोरगा त्या नकाशावर विसंबून शिवाजी पेठेच्या बोळात चारचाकी घालतो, मग रिव्हर्स घेताना कुणाची तरी मोटारसायकल पाडतो. टपाल खात्यानं 2025 मध्ये डिजिपिन आणला, साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाला दहा अक्षर-अंकांचा कोड. चांगली सोय आहे. फक्त तो मजला सांगत नाही, आणि त्या मजल्यावर कुणी दार उघडणार आहे का, हेही सांगत नाही. पोस्टमनला गल्लीतली माणसं नावानिशी ठाऊक असतात. शिवाय घर बंद असलं म्हणून त्याचा पगार कापत नाहीत.

मग सोडून का देत नाहीस, असं घरचेही विचारतात. सोडलं तर माझ्या जागी उद्या सकाळी दुसरी गाडी उभी राहते. या धंद्यात शिरणं फार सोपं आहे. एकूण वजन 3,000 किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या, लायसन्सवर साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केलं. कर्जवाले तर शोरूममध्येच टेबल मांडून बसलेले. त्यामुळं हबवर दर वाढवा म्हटलं की सुपरवायझर गेटकडं बोट दाखवतो. गेटवर खरंच दोन पोरं उभी असतात. परवा त्यातल्या एकाची गाडी पांढऱ्या पाटीची, घरगुती नोंदणीची होती. त्याला बाजूला घेऊन सांगितलं की बाबा, धंद्यात फिरवताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल. आणि धंद्याच्या पिवळ्या पाटीचा विमा असला तरी तो गाडीचा असतो, आतल्या मालाचा नव्हे. मालाचं नुकसान आमच्या बिलातून जातं. एका पावसात खोका भिजला म्हणून माझे एका महिन्याचे 2,300 रुपये वळते केले. खोका हबच्या शेडमध्येच ओला झाला होता, पण स्कॅन माझ्या नावावर होता.

कंपनीच्या लेखी मी कोण, हे प्रसंगावर ठरतं. टी-शर्ट घातला नाही, उशीर झाला, तर मी त्यांचा माणूस. नुकसान, आजारपण, पूर आला की मी स्वतंत्र धंदेवाला. 2019 च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला तेव्हा हबवर माल यायचा बंद झाला. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. मधल्या 2020 मध्ये लॉकडाऊन. रिझर्व्ह बँकेनं सहा महिने हप्त्यांना सवलत दिली, पण व्याज चालूच होतं, ते शेपटाला जोडून आलं. पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतं, 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. मी पस्तिसालाच मोजायला लागतो, कारण गगनबावड्याच्या रस्त्यावरच्या बालिंगा पुलाचं काही खरं नसतं आणि हप्त्याची तारीख पुढं सरकत नाही.

सरकारनं काहीच केलं नाही असंही नाही. सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली, त्यात 'गिग कामगार' अशी व्याख्या आहे, आणि मालक-नोकर या नात्याबाहेर राहून कमावणारा माझ्यासारखा माणूस तिच्यात बसतो, असं मला वाटतं. ई-श्रमवर, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर, नाव घातलंय. कोगनोळी नाक्यापलीकडं कर्नाटकानं 2025 मध्ये प्लॅटफॉर्म कामगारांसाठी स्वतःचा कायदा केला. पण हे सगळं विमा, कल्याण निधी, म्हातारपण यांबद्दल आहे. उद्याच्या फुकट फेरीबद्दल त्यात मला काही सापडलं नाही.

आणि हेलपाटा मोजणं अवघड अजिबात नाही. मी दारात पोचलो होतो की नाही, हे ॲपला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं. जीपीएसचा ठिपका आहे, फोन किती वाजला त्याची नोंद आहे, बंद दाराचा फोटो आम्हीच काढून पाठवतो. हा सगळा पुरावा आज फक्त आमच्या चुका पकडायला वापरतात. त्याच पुराव्यावर खऱ्या फेरीचा निम्मा दर द्या, एवढंच मागणं आहे. निम्मा दर मिळाला की 'दार बंद' खोटं मारण्यात कुणाला रस उरणार नाही, कारण दारात गेल्याचेच पैसे असतील. ताराबाई पार्कच्या गृहस्थांचाही प्रश्न त्यातच सुटतो. विक्रेत्यानं परतीच्या पार्सलचा हा खर्च उचलावा की कंपनीनं, ते त्यांचं त्यांनी बघावं. लॉरीत भाडं कुणी द्यायचं हे माल चढण्याआधी ठरतं, इथंही ठरू शकतं.

गिऱ्हाइकांकडूनही थोडं हवं आहे. अनोळखी नंबर म्हणून फोन कापू नका. पत्त्यात जवळची तालीम किंवा तिकटी लिहा. कॅशवाली ऑर्डर असेल तर सुटे घरात ठेवा. घरी थांबणारा माणूस वेगळा असेल तर ओटीपी त्याला आधी सांगून ठेवा.

त्या गृहस्थांना एक निरोप. ताराबाई पार्क हा मंगळवारी आणि शुक्रवारी माझाच रूट आहे, म्हणजे तो एक रिंगवाला बहुतेक मीच असेन. पुढचं पार्सल आलं की मी वर येईन, बेल वाजवीन, दार उघडेपर्यंत थांबेन. फक्त जिन्यातलं कुत्रं तेवढं बांधून ठेवा.

आपला,
एक कुरिअर व्हॅनमालक-चालक,
फुलेवाडी, कोल्हापूर