कायदा गेला, शेरा राहिला

मा. संपादक,

गोव्यातही शहरी जमिनीवर कमाल मर्यादा आणणारा कायदा हवा, असे हल्ली बरेच जण बोलतात. परप्रांतीय धनिकांनी डोंगरच्या डोंगर घेतलेले पाहिले की कुणालाही तसे वाटेल. जमिनीचा झोन बदलू देणाऱ्या, नगरनियोजन कायद्याच्या १७(२) आणि ३९-अ कलमांवरून रान उठले ते काही उगाच नव्हे. मागणीला माझा विरोध नाही. पण शेजारच्या महाराष्ट्रात असा कायदा २००७ पर्यंत होता आणि माझे आजोळ अजून त्यात अडकलेले आहे, म्हणून हे पत्र.

माझ्या आईचे माहेर घाटावरच्या एका शहरात. खटला उच्च न्यायालयात चालू आहे, तेव्हा शहराचे नाव लिहीत नाही. १९७६ साली केंद्राचा नागरी कमाल जमीन धारणा कायदा (यूएलसी) आला. मुंबईत ५०० चौरस मीटर, लहान शहरांत २,००० चौरस मीटरपर्यंत मोकळी जागा ठेवता येई. त्यावरची सगळी ‘अतिरिक्त’. आजोबांनी इमानेइतबारे विवरणपत्र भरले. ज्यांनी भरलेच नाही त्यांचे काय झाले, ते विचारू नये. घरामागचे परडे अतिरिक्त ठरले, राजपत्रात आले, सात-बाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात शेरा पडला. भरपाईचा दर, जमिनीला उत्पन्न नसेल तर, चौरस मीटरला फार तर ५ किंवा १० रुपये. आणि कितीही जमीन गेली तरी एकूण दोन लाखांच्या वर नाही. तीही रक्कम आजोबांना मिळाली नाही. परडेही कुणी नेले नाही. तिथल्या विहिरीवर अख्खी आळी पाणी भरत राहिली आणि चिंच दरवर्षी मामी उतरवून घेत राहिली.

मामेभावाने माहितीच्या अधिकारात कागद मागवले तेव्हा कळले की सरकारने ‘ताबा’ केव्हाच घेतला आहे! तो पंचनामा मी स्वतः वाचला. एकच पान, सायक्लोस्टाइल केलेले. हाताने भरलेला तेवढा सर्व्हे नंबर. जागेचे वर्णन ‘पूर्ण मोकळी व पडीक’. विहिरीचा उल्लेख नाही, चिंचेचा नाही. चतुःसीमांच्या जागी नुसत्या आडव्या रेघा. जमीनधारक ‘गैरहजर’, आणि पंच म्हणून सह्या करणाऱ्या दोघांना आळीत कुणी ओळखत नाही. माझी सगळी नोकरी लेखा विभागात गेली. असले व्हाउचर माझ्या टेबलावर आले असते तर मी शेरा मारून परत पाठवले असते.

आता सगळे घोडे त्या एका पानापाशी अडले आहे. संसदेने हा कायदा १९९९ मध्ये रद्द केला. महाराष्ट्राने ते निरसन स्वीकारले २९ नोव्हेंबर २००७ रोजी, तेही केंद्राच्या शहरविकास निधीसाठी ती अट होती म्हणून. निरसन कायदा सांगतो की त्या तारखेपूर्वी सरकारने ताबा घेतला असेल तर जमीन सरकारची. नसेल तर मालकाची. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली उत्तर प्रदेश सरकार विरुद्ध हरी राम या खटल्यात स्पष्ट केले की राजपत्रात जमीन सरकारजमा झाली म्हणून ताबा मिळाला असे होत नाही. आधी मालकाला नोटीस, ३० दिवसांची मुदत, आणि त्याने दिला नाही तर रीतसर प्रत्यक्ष ताबा. हे वाचून मामेभावाने पेढे वाटले होते. पण २०१४ मध्ये आसामच्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटले की सरकारने खरोखर ताबा घेतला तेव्हा जो गप्प बसला, त्याला वर्षानुवर्षांनी नोटिशीची उणीव काढता येणार नाही. सरकारी वकिलांची सारी भिस्त आता त्यावर आहे. पण पंचनामाच दडवलेला असेल, तर हरकत घ्यायची कशावर आणि कधी?

सरकारने त्या परड्यात गरिबांसाठी एक खोली जरी बांधली असती, तरी मी हे पत्र लिहिले नसते. कायद्याचा हेतूच तो होता. प्रत्यक्षात घर नाही, बाग नाही, शाळा नाही. आहे तो फक्त शेरा. त्याच्यामुळे बँक कर्ज देत नाही आणि वाटणीही होत नाही.

आपल्याकडे तरी काय वेगळे? कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक करणारी, गोव्याच्या कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती १९७६ चीच. हेतू सोन्यासारखा, पण कितीतरी कुळे आणि मुंडकार (भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणारे) अजून मामलेदाराच्या दारात तारखा घेत उभे आहेत, आणि भाटकारही. अशा कचेऱ्यांवर आपण जमीन धारणेचा आणखी एक कायदा टाकणार असू, तर एक कलम आधी लिहून घ्या: अतिरिक्त ठरवलेली जमीन सरकारने तीन वर्षांत, मालक आणि शेजारी यांच्या समक्ष, फोटो काढून ताब्यात घ्यावी आणि कामाला लावावी. नाही जमले, तर एक-चौदाच्या उताऱ्यावरचा (आपल्या गोव्याच्या सात-बारावरचा) शेरा मामलेदाराने आपण होऊन काढावा. मालकाला अर्ज करायला लावू नये. आमदारांनी एवढे मान्य केले तर मर्यादा किती चौरस मीटरची ठेवायची ते खुशाल ठरवा.

जाता जाता: गोव्यातल्या अनेकांची आजोळे आणि सासुरवाडी महाराष्ट्रातल्या शहरांत आहेत. तिथे वडिलोपार्जित जागा असेल तर आजचा सात-बारा काढून ‘इतर हक्क’ रकाना वाचा. यूएलसीचा शेरा दिसला, तर ताबा पंचनाम्याची प्रत लगेच मागा.

— एक निवृत्त कर्मचारी, कवळे, फोंडा
(नाव छापू नये ही विनंती)