दाखला, डीपी आणि शेवटची बस : नाशिकच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, नाशिक

विषय : मुंबई-पुणे सोडून सिन्नर, निफाड, इगतपुरी, दिंडोरीकडे राहायला येणाऱ्या कुटुंबांबाबत

महोदय,

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि मुंबईकराच्या मनातला कसारा घाट बराच लहान झाला. मुलांना अंगण मिळावे, घरभाड्यात निम्मा पगार जाऊ नये, गावाकडचे आई-वडील जवळ असावेत, म्हणून कुटुंबे इकडे येतात. त्यातली काही वर्षभरात परतही जातात. जाताना कारण विचारले तर ‘करमले नाही’ एवढेच सांगतात. खोदून विचारले की कळते, मुलीचा दाखला अडकलेला, नळाचे पाणी चौथ्या दिवशी, आणि ऐन मीटिंगच्या वेळी लाइट गेलेली. यातल्या बहुतेक गोष्टींना नवा निधी लागत नाही. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे बोट दाखवणे थांबवले तरी पुष्कळ काम होईल, आणि ते आपल्या टेबलावरूनच होऊ शकते.

सुरुवात भाडेकरारापासून करू, कारण पुढचे सगळे त्याच्यावर लटकलेले असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार लेखी करार नोंदणीकृत हवा आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, ही समजूत आपल्याकडे चुकीची आहे. तरीही तालुक्याच्या गावी शंभर किंवा पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून काम भागवले जाते. खर्च वाचवण्यासाठी म्हणावे, तर तसेही नाही. महिना ८,००० रुपये भाड्याने ११ महिन्यांचे होतात ८८,०००. त्यावर पाव टक्का मुद्रांक म्हणजे २२० रुपये, अनामत रकमेमुळे थोडे अधिक. ग्रामीण भागात नोंदणी फी ५०० रुपये, हाताळणी शुल्क वेगळे. खरी अडचण निराळीच असते. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा (घरपट्टीच्या नोंदीचा) उतारा असतो आणि त्यावर बहुतेक वेळा वारलेल्या आजोबांचे नाव असते. नोंदणीला मालकाचे आधार आणि अंगठा लागतो. आजोबांचा अंगठा आणायचा कुठून? मग नोटरी.

तो नोटरीचा कागद पुढे चालत नाही. शिक्षण हक्क कायद्याखालच्या (आरटीई) २५ टक्के प्रवेशाला भाडेकरार दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलाच लागतो. करार नाही तर आधारवरचा पत्ता बदलणे अवघड जाते, आणि पत्ता बदलला नाही तर तहसीलच्या पुरवठा शाखेत रेशनकार्ड अडते. त्यात मुंबई-ठाण्याचे कार्ड शिधावाटप कार्यालयाचे. तिथून नाव कमी केल्याचा दाखला आधी आणायला हवा. कुटुंब सिन्नरला सामान उतरवून मोकळे झाल्यावर हे कळते आणि एका कागदासाठी पुन्हा मुंबईची वारी घडते. ‘एक देश, एक रेशनकार्ड’मुळे धान्य इथल्या दुकानातही मिळते, पण कार्ड अजून मुंबईचे असल्याने उत्पन्नाच्या दाखल्याला प्रश्न निघतो.

यावर उपाय गावपातळीवर आहे. ज्या गावांत आणि वाड्यांत भाड्याने घरे दिली जातात, तिथे ग्रामपंचायत अधिकाऱ्याने नमुना ८ वर वारस नोंदीचे शिबिर घ्यावे. स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी झालेल्या गावांत मिळकतपत्रिका वाटून टाकाव्यात. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर एक ठळक फलकही लावावा : शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, कुळ कायद्याचे कलम ६३. घोटी-सिन्नर पट्ट्यात ‘फार्महाऊस प्लॉट’ या गोड नावाखाली सामायिक सातबाऱ्यावरचा हिस्सा दाखवला जातो आणि नोकरदाराची भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम त्यात अडकते. असा फलक दलालांना आवडणार नाही, म्हणून तो जरा मोठ्या अक्षरांत असावा.

आता शाळा. शिक्षण हक्क कायदा २००९ चे कलम ५ स्पष्ट आहे. मुलाला एका शाळेतून दुसरीकडे जायचे असेल तर मुख्याध्यापकाने दाखला तात्काळ द्यायचा आहे. दाखला उशिरा आला म्हणून नव्या शाळेने प्रवेश लांबवायचा किंवा नाकारायचा नाही. हा बदलीचा हक्क जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांपुरता आहे. खासगी विनाअनुदानित शाळेत प्रवेश मागण्याचा तो हक्क नव्हे, हे पालकांनाही सांगायला हवे. पण जिल्हा परिषदेच्या शाळेतही ‘एलसी (शाळा सोडल्याचा दाखला) आणा, मग बघू’ हेच पहिले वाक्य ऐकू येते. मुख्याध्यापकांना दोष देऊन भागणार नाही. मुलाची नोंद यूडायस आणि सरल या शासनाच्या ऑनलाइन नोंदींत जुन्याच शाळेत दिसत असते. जुन्या शाळेने त्याला तिथून सोडल्याशिवाय ते नव्या शाळेच्या पटावर येत नाही, आणि संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक हे ठरवताना, आधारशी जुळलेला पट मोजतात. वर्गात बसलेले पण पटावर न दिसणारे मूल म्हणजे मुख्याध्यापकाच्या डोक्याला ताप.

यातली हमखास होणारी चूक नावाची. शाळेच्या जनरल रजिस्टरवर ‘आडनाव-नाव-वडिलांचे नाव’, आधारवर ‘नाव-वडील-आडनाव’, जन्मदाखल्यावर नुसते नाव. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर कमी-जास्त. दाखला हाती पडल्यावर जुन्या शाळेकडून दुरुस्ती करून घेणे महाकठीण. म्हणून दाखला मागण्यापूर्वी जनरल रजिस्टर, आधार आणि जन्मदाखला ही तीन कागदे शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. मूल पाच किंवा पंधरा वर्षांचे झाले असेल तर आधारचे बोटांचे ठसे नव्याने झाले आहेत का, तेही पाहावे. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी एवढे एका पानावर छापून प्रत्येक शाळेच्या दर्शनी भिंतीवर लावले तरी जून-जुलैतली निम्मी धावपळ वाचेल. दाखल्याविना तात्पुरता प्रवेश देऊन ऑनलाइन बदली केंद्रप्रमुखाने मार्गी लावावी, असे लेखी आदेश निघाले तर मुख्याध्यापकही निर्धास्त होतील. इंग्रजी माध्यमातून येणाऱ्या मुलांना सेमी इंग्रजीचा वर्ग सोयीचा पडतो, कारण गणित-विज्ञान इंग्रजीतून चालते आणि मराठी वाचन सुधारायला वर्षभराचा अवधी मिळतो. कोणत्या शाळेत कितवीपासून सेमी आहे याची तालुकावार यादी मात्र कुठेही एकत्र मिळत नाही.

लहान मुलांच्या लसीकरणात एक बारीकशी गोष्ट आडवी येते. गोवर-रुबेला आणि बीसीजीची कुपी एकदा विरघळवली की चार तासांत वापरावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. म्हणून परिचारिका सत्राच्या दिवशी यादीतली मुले जमेपर्यंत कुपी फोडत नाही. नव्याने आलेल्या भाडेकरूचे मूल त्या यादीतच नसते आणि ‘पुढच्या महिन्यात या’ असे उत्तर मिळते. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत व्हायला हवा. असे महिने हुकत गेले की बाळ त्या मुदतीच्या टोकाला जाते. आशाताईंना भाड्याची घरे वेगळी नोंदवायला सांगावे. कुटुंबानेही पहिल्या आठवड्यात माता-बाल संरक्षण कार्ड घेऊन अंगणवाडीत नाव द्यावे.

पाण्याचे सांगायचे तर इगतपुरीत तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस आणि त्याच जिल्ह्यातला सिन्नरचा पूर्वभाग टँकरची वाट पाहणारा. जलजीवन मिशनचे माणशी ५५ लिटर धरले तर चौघांना दिवसाला २२० लिटर लागतात. नळ चौथ्या दिवशी येत असेल तर ८८० लिटर साठवण हवी. हजाराची टाकी पुरते असे वाटते, पण एखादी पाळी चुकली की घरात ठणठणाट. २००० लिटरखाली जाऊ नये. पाण्याच्या शुद्धतेत गफलत होते ती टीसीएलच्या (ब्लीचिंग पावडरच्या) पोत्यामुळे. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो आणि १ लाख लिटरच्या टाकीला अर्धा किलो पुरते. तेच पोते तोंड उघडे टाकून ओलसर खोलीत महिना-दोन महिने पडले की अर्धा किलो म्हणजे निव्वळ चुना. टाकीजवळ ओटी (क्लोरीनची) चाचणी पिवळी येते, शेवटच्या नळाला पाणी पांढरेच राहते. तिथे लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा. ओटी शेवटच्या नळाला घ्यावी आणि आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा. निफाडच्या बागायती पट्ट्यातल्या बोअरला नायट्रेटची तपासणीही हवी, मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट दाट होते. तान्ह्या बाळाच्या दुधात ते पाणी घातलेले चालत नाही.

घरून काम करणाऱ्यांचा प्रश्न विजेचा. गावठाणाची वाहिनी वेगळी आणि शेतीची वेगळी, हे मुंबईच्या माणसाला ठाऊक नसते. तो मळ्यातले छान कौलारू घर घेतो. तिथे थ्री फेज रोजचे ठरावीक तास आणि उरलेल्या वेळात सिंगल फेज, तीही मिळाली तर. सिंगल फेजवर कपॅसिटर लावून मोटारी सुरू झाल्या की दाब दीडशे व्होल्टवर येतो. इन्व्हर्टर मागच्या बटणावर ‘यूपीएस’ला ठेवलेला असेल तर साधारण १८० व्होल्टखाली तो बॅटरी भरणेच थांबवतो. बॅटरी खराब निघाली म्हणून माणूस दुकानात भांडायला जातो. बटण ‘नॉर्मल’ला केले की दीडशेवरही बॅटरी भरते. १५० एएचची एक बॅटरी म्हणजे १,८०० वॅट-तास. हातात येतात ११००-१२००. लॅपटॉप, राउटर, एक पंखा, दोन दिवे मिळून १६५ वॅट धरले तर सात तास. बॅटरी तीन वर्षांची झाली की याच्या निम्मे. पण वादळात डीपी (गावाचा ट्रान्सफॉर्मर) जळाली तर दोन दिवस अंधार, त्यापुढे कोणती बॅटरी टिकणार? महावितरणने घर कोणत्या वाहिनीवर आहे हे वीजबिलावर सोप्या मराठीत छापावे. घर बघायला आलेला माणूस मालकाचे बिल मागून घेईल आणि स्वतःच ठरवेल.

द्राक्षाचा विषय निघाला की शेतकरीबांधव नाराज होतात, तरी बोलायला हवे. फळांसाठीच्या गोडी छाटणीनंतर ऑक्टोबरपासून केवडा आणि भुरी या बुरशीच्या रोगांसाठी फवारण्या सुरू होतात. ढगाळ हवा असली तर दिवसाआड. ब्लोअरचा फवारा वाऱ्याने बांधाबाहेर जातो आणि दिंडोरी-निफाडला कित्येक शाळांची कुंपणे बागेला लागून आहेत. फवारणी बंद करा असे कोणी म्हणत नाही. शाळेलगतच्या ओळी शाळा भरण्यापूर्वी किंवा सुटल्यावर घ्याव्यात आणि आदल्या दिवशी मुख्याध्यापकाला फोन करावा, एवढे ग्रामसभेत ठरले तरी चालेल.

शेवटची गोष्ट बसची. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण संध्याकाळची गाडी क्लास सुटण्याआधीच निघून जाते. पुढची अंधार पडल्यावर फाट्यावर सोडते. फाट्यापासून वस्ती एक-दीड किलोमीटर आणि दोन्ही बाजूंना ऊस. ऊसतोड सुरू झाली की बिबट्याची हक्काची जागा जाते आणि तो बांधावर, रस्त्यावर दिसू लागतो. नोव्हेंबर ते मार्च या काळात संध्याकाळच्या फेऱ्या वस्तीपर्यंत न्याव्यात किंवा वेळ अर्ध्या तासाने मागे-पुढे करावी. त्या फाट्यांवरचे दिवे ग्रामपंचायतीने सुरू ठेवावेत. फाट्यांची यादी वन विभागाकडून मागवली तर एका बैठकीचे काम आहे.

शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि कुटुंबे मे महिन्यात सामान हलवतात. त्यामुळे दाखला, वारस नोंदी आणि रेशनकार्डाबाबतचे आदेश एप्रिलअखेर तालुक्यांना पोचावेत, ही विनंती. बैठक लावल्यास तालुकावार अडलेल्या प्रकरणांचे कागद घेऊन आम्ही येऊ.

आपले,
सिन्नर व निफाड तालुक्यांत नव्याने राहायला आलेल्या कुटुंबांची शाळा, भाडेकरार व रेशनकार्डाची कामे पाहणारे काही नागरिक