पंधरा पिल्लांसाठी लसीची बाटली फोडणाऱ्या कंपाउंडरमामांस

आदरणीय कंपाउंडरमामा,

सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या हातात दिले असते, तर तुम्ही ते न उघडता खिशात घातले असते आणि "राहू द्या हो बाई" म्हणून सायकल काढली असती. म्हणून चारचौघांना वाचता येईल असे लिहीत आहे.

घरामागच्या परड्यात गिरिराज जातीच्या कोंबड्यांनी गेल्या पंधरवड्यापासून अंडी द्यायला सुरुवात केली आहे. तुम्हाला त्यात नवल वाटणार नाही, पण त्याआधीचा माझा कळप कसा गेला हे गल्लीने पाहिले आहे. तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, अंड्यावर येण्याच्या बेतात असताना मानमोडी आली. हिरवट पातळ विष्ठा, धाप, मग पाय लुळे पडणे आणि मान पाठीकडे पिळवटून जाणे, असे एकेक करत सगळे खुराडे रिकामे झाले. मानमोडी म्हणजेच राणीखेत हा विषाणूचा रोग आहे, तो एकदा शिरला की त्यावर औषध नाही आणि आधी दिलेली लस हाच काय तो आधार, हे मला ठाऊक होते. म्हणूनच पिल्ले आठवड्याची होताच मी जनावरांच्या दवाखान्यात लस मागायला गेले होते. "पंधरा पिल्लांसाठी बाटली फोडत नसतात, शंभर झाली की या," असे उत्तर मला मिळाले. दुसऱ्या एका ठिकाणी तर, कोंबडीला कसली लस, मेली तर दुसरी आणा, असे हसत सांगण्यात आले. बाटलीविषयी ते बोलले ते खोटे नव्हते. लासोटाच्या, म्हणजे या रोगावरच्या लसीच्या, बाटल्या शेकड्याच्या हिशेबाने येतात आणि एकदा लस कालवली की दोनेक तासांत ती संपवावी लागते, उरलेली टाकावी लागते, हे सारे खरे आहे. पण अंगणात दहा-पंधरा कोंबड्या पाळणाऱ्या बाईने मग करायचे काय, हा प्रश्न त्या खुर्च्यांवर बसलेल्या कोणालाही पडला नाही.

तो तुम्हाला पडला, तोही सेवानिवृत्तीनंतर. नवी पिल्ले आणल्याचे कळताच तुम्ही मला फक्त एवढेच म्हणालात, "तुमची किती ते नको, गल्लीत किती आहेत ते मोजा." आणि खरोखरच, कोणाच्या गोठ्याशी दोन, कोणाच्या डालग्याखाली अंडी उबवायला खुडूक बसलेली एक, कोणाच्या मागीलदारी सहा-सात, असे करत बाटली वाया जाणार नाही एवढ्या कोंबड्या निघाल्या. वर्षानुवर्षे शेजारी राहणाऱ्या आम्हाला हा हिशेब कोणी सुचवला नव्हता. चहाच्या थर्मासमध्ये बर्फ घालून तुम्ही बाटली आणलीत आणि तिची किंमत घरागणिक वाटून घेतलीत, त्यावर एक रुपयाही नाही. बाटलीबरोबरचे पत्रक मला वाचता येत नव्हते, तर त्यातल्या पुढच्या तारखा तुम्ही मला मराठीत लिहून घ्यायला लावल्यात.

हे सगळे मोठे उपकार आहेतच, पण माझ्या मनात जे राहिले ते वेगळे आहे. तुम्ही माझ्या ओट्यावर मांडी घालून बसलात, पिल्लू डाव्या तळव्यात घेतलेत, अंगठ्याने डोके अलगद कलते केलेत आणि डोळ्यात एक थेंब सोडलात. मी पिल्लू घ्यायला हात पुढे केला, तर तुम्ही दिले नाहीत. थेंब डोळ्यावर टपोरा उभा होता. पिल्लाने पापणी मिटली, थेंब आत जिरला, मग तुम्ही ते माझ्या हाती ठेवलेत आणि पुढचे उचललेत. प्रत्येक वेळी तसेच. अंधार पडत चालला होता, पुढच्या घरची माणसे हाका मारत होती, घड्याळाचाही काच होता, तरीही एकाही पिल्लाच्या बाबतीत तुम्ही पापणी मिटायच्या आत हात सोडला नाहीत. पाय ओढत चालणारे एक किडकिडे पिल्लू मी बाजूला ठेवले होते. तेही तुम्ही मागून घेतलेत आणि त्यालाही तेवढाच वेळ दिलात. ते पुढे जगले नाही, हे तुम्हाला सांगितलेले नाही.

जिथे कोणी तपासायला येणार नाही, नोंद होणार नाही, शाबासकीही मिळणार नाही, तिथेही काम पुरते करणारी माणसे आपल्या तालुक्यात अजून आहेत. त्यांची नावे फलकांवर नसतात, पण गावे त्यांच्यावरच चालतात, असे मला आता मनापासून वाटते. ज्यांनी मला शंभर पिल्ले आणायला सांगितले, त्यांच्याकडे शीतकपाट होते, पगार होता आणि दारावर पाटीही होती.

तुमच्या बाकीच्या सूचना मी पाळल्या आहेत. पिल्ले दिव्याखाली गोळा झाली तर थंडी, कडेला पळाली तर उष्मा, हे पाहून दिवा वर-खाली केला. खुराडे पावसासाठी उंच पायांवर घेतले आणि मुंगसासाठी बारीक जाळी लावली. आठ-दहा कोंबड्यांमागे एकच कोंबडा पुरे, हेही पटले. जादा कोंबडे आपसांत रक्त काढू लागले तेव्हा विकले. गिरिराज कोंबडी सहसा खुडूक बसत नाही, म्हणून तिची अंडी शेजारच्या काकूंच्या देशी कोंबडीखाली ठेवली आहेत आणि एकवीस दिवस चतुर्थीच्या आसपास भरतात.

म्हणजे पुन्हा लासोटा लागेल. या वेळी मी आधीच घरोघर जाऊन यादी केली आहे, वरच्या गल्लीतलीही घरे त्यात आली आहेत. बर्फाची सोय माझ्याकडे. तुम्हाला कोणता दिवस सोयीचा आहे तेवढे कळवा, आणि येताना रिकामी पिशवी आणा. अंडी नाकारलीत तर ती तुमच्या घरी पोचवायला मी स्वतः येईन.

आपली कृतज्ञ,
खालच्या गल्लीतल्या बाई
तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव