आमसुलातलं मीठ

कुडाळ,
१२ मे

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

आमसूल घातलं की आमटी खारट होते, आंबट होतच नाही, ही वहिनींची तक्रार अगदी खरी आहे. त्यांच्या हाताचं काही चुकत नाही. आमसुलाच्या भावात तुमच्या घरी मीठ येतंय, एवढंच.

आमसूल कसं होतं ते कळलं की यातली मेख लक्षात येईल. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, एप्रिल-मेमध्ये पिकतात. पूर्ण लाल झालेलं फळ धुऊन, कोरडं पुसून, त्याच्या दोन वाट्या करायच्या आणि बियांसकट गर वेगळा काढायचा. गराला मीठ लावून ठेवलं की रस सुटतो. साली दिवसभर उन्हात वाळवायच्या, संध्याकाळी त्या खारट रसात बुडवायच्या, सकाळी पुन्हा उन्हात. हे एक पुट. अशी चार-पाच पुटं बसली की साल मऊ, लवचीक, काळपट जांभळी होते आणि गराची आंबटाई सालीत मुरते. म्हणजे आठवडाभर कडक ऊन आणि रोजची उठाठेव. वळीव नेमका याच दिवसांत येतो. दोन दिवस आभाळ राहिलं की ओल्या सालीवर बुरशी धरते. मग एक-दोन पुटांवर भागवून वरून मीठ मारतात. मिठामुळे माल टिकतो आणि वजनही वाढतं. बाजारात स्वस्त मिळतो तो बहुतेक हाच.

घेताना आमसूल बोटांत दुमडून बघ. चांगलं असेल तर न मोडता वाकतं आणि बोटाला किंचित चिकटतं. कडकडीत असेल तर जुनं, पाणी सुटलेलं असेल तर नीट न वाळलेलं. वर पांढरं दिसलं तर लगेच टाकून देऊ नकोस: खरखरीत आणि पाण्यात विरघळणारं असेल तर ते मीठ, कापसासारखं मऊ असेल तर बुरशी. रंगाचा संशय आला तर आमसूल भिजवलेल्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाक. कोकमाचा स्वतःचा लाल रंग सोड्याने निळसर-जांभळट होतो. लालभडक तसाच राहिला तर वरून रंग घातलेला असणार.

आता घरात आहेत त्या आमसुलांचं काय? वापरण्याआधी गार पाण्यातून झटकन एकदा काढायची. भिजत ठेवायची नाहीत, नाहीतर मिठाबरोबर आंबटपणाही निघून जाईल. आमटीत मीठ आमसुलानंतर, चव बघून. चार माणसांच्या आमटीला चार-पाच पुरतात. डाळ पूर्ण शिजून घोटल्यावरच घालायची, कारण आंबटात डाळ शिजत नाही, कितीही शिट्ट्या केल्या तरी दाणा कचकच लागतो. पाच-सात मिनिटं उकळलं की पुरे. उरलेली आमटी ठेवताना आमसुलं काढून घे. आत राहिली तर रात्रभर आंबटाई सोडत राहतात. अळूच्या फदफद्यात आणि सुरणात मात्र हात आखडू नये, तिथे घसा खाजू नये म्हणून आंबट लागतंच.

सोलकढीसाठी आमसुलं भिजवण्यापेक्षा आगळ बरं. आगळ म्हणजे गराचाच रस, लिटरला दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ घालून टिकवलेला. एवढं मीठ असताना सोलकढीत वेगळं घालायची गरज सहसा पडत नाही. एका नारळाच्या दुधाला तीन-चार मोठे चमचे आगळ, दोन-तीन लसूण पाकळ्या, एखादी हिरवी मिरची, वर कोथिंबीर. तापवायची नाही, दूध फुटतं. कालची गरम करून घ्यावी असा मोह होतो खरा, पण सोलकढी ही ताजीच प्यायची वस्तू. आणि आगळ काचेच्या बाटलीत किंवा चिनी मातीच्या बरणीत ठेव. ॲल्युमिनियमचं भांडं ते खातं.

सरबताला मीठ नव्हे, साखर टिकवते. ताज्या वाट्यांच्या वजनाच्या दुप्पट साखर, थरावर थर, बरणीला फडकं बांधून साधारण आठवडाभर उन्हात. साखर पूर्ण विरघळली की गाळून घ्यायचं. वहिनींना ‘दुप्पट’ ऐकून धक्का बसेल, पण साखरेत काटकसर केली की आठ-पंधरा दिवसांत फेस येतो आणि झाकण फुगतं. ओला चमचा घातला तरी तेच. एका भागाला पाच-सहा भाग पाणी आणि जिऱ्याची पूड. दुधाची कुठलीही वस्तू जवळ नको.

लांज्याच्या जागेत झाड लावायचं म्हणतोस, तर बी पेरू नकोस. कोकमात नर झाड वेगळं, मादी वेगळं. बियांची रोपं साधारण निम्मी नर निघतात आणि ते कळायला फुलं येईपर्यंत सहा-सात वर्षं थांबावं लागतं. मादी झाडाचं कलम घे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ ही जात १९९७ सालची, जाड सालीची, म्हणजे आमसुलांसाठी योग्य. कलम निवडताना शेंडा सरळ वर जाणारा हवा. आडव्या फांदीच्या काडीवर बांधलेलं कलम पुढे जमिनीलगत पसरतच राहतं. जोडाखालून येणारे फुटवे दिसताच खुडायचे, ते मूळ रोपाचे असतात. दोन झाडांत वीसेक फूट अंतर ठेव. खड्डे दोन फूट लांब, रुंद आणि खोल. ते याच महिन्यात खणून घे म्हणजे माती तापेल, आणि जूनचा पाऊस स्थिरावला की लाव.

गर काढल्यावर उरणाऱ्या बियाही धुऊन वाळवून ठेवायला सांग. त्यांचं कोकमतेल निघतं, इकडे त्याला मुठेल म्हणतात. पुण्याच्या थंडीत वहिनींच्या टाचांना उपयोगी पडेल.

या वर्षीचा माल घ्यायचा तर पुढच्या आठवड्याच्या आत कळव. किती किलो ते लिही, आणि निम्मं आगळ हवं का तेही.

तुझा,
मोहन