साहेब, दोरी आणि टेप घेऊन एकदा स्पीडब्रेकर मोजा

प्रति,
मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : गतिरोधकांचा आकार आणि त्यापायी निघणारं गाड्यांचं काम

माननीय मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी गॅरेज चालवतो. चारचाकीची कामं करतो, त्यातही जास्त करून खालची, चाकांचे दणके झेलणाऱ्या भागांची : शॉकअप, बुश, लिंक रॉड, लोअर आर्म. गॅरेजच्या दोन्ही अंगांना हाकेच्या अंतरावर एकेक स्पीडब्रेकर आहे. लोक चेष्टेनं म्हणतात, ते यानंच घालून घेतलेत. तसं काही नाही, पण त्यांच्या जिवावर माझी चूल पेटते हे खरं. हे पत्र लिहून मी स्वतःच्याच पोटावर पाय देतोय, असं घरातून ऐकून घेऊनच लिहायला बसलोय.

गिऱ्हाईक बिल बघतं आणि विचारतं, "स्पीडब्रेकरनं एवढी गाडी खराब होते काय हो?" माझं उत्तर ठरलेलं आहे. धड बांधलेल्या स्पीडब्रेकरवरून बेतानं चालवलेली गाडी वर्षानुवर्षं गेली तरी तिला फारसं काही होत नाही. आमच्याकडं जे आहेत, त्यांच्यावरून जाताना होतं.

मागच्या चैत्रात एक निवृत्त गुरुजी जोतिबाहून परत येत होते. छोटी गाडी, आत पाच माणसं, डिक्कीत पिशव्या. गाडी हळूच होती. मागची चाकं चढायच्या आधी खालून 'टक्क' असा आवाज आला. एवढंच. दगड उडाला असेल म्हणून ते तसेच निघाले. थोड्या अंतरावर ऑइलचा लाल दिवा लागला, पण "आता गाव जवळच आलंय" म्हणून त्यांनी गाडी रेटली. माझ्या दारात आली ती दोरीनं ओढत. चेंबरला, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीला, बोटाएवढी चीर, रस्त्यावर ऑइलची काळी रेघ आणि इंजिन जाम. विम्याचा सर्व्हेअर आला. म्हणाला, चेंबर फुटला तो अपघात, त्याचे पैसे मिळतील. ऑइल नसताना गाडी पळवली आणि इंजिन गेलं, ते त्यानंतरचं नुकसान, ते साध्या पॉलिसीत बसत नाही. बुश आणि शॉकअप तर झीज म्हणून आधीच बाहेर. गुरुजींच्या हातात बिल देताना माझ्याच्यानं वर बघवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी रहदारी कमी बघून मी पोराला घेऊन त्या स्पीडब्रेकरवर गेलो. दोरी ताणली, टेप लावली. उंची १४ सेंटिमीटर, रुंदी ४५. आता भारतीय रस्ते काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वं बघा. आयआरसी ९९ या नावानं ती १९८८ पासून आहेत, २०१८ साली सुधारलीसुद्धा. त्यात गोलाकार गतिरोधकाचं माप दिलंय : रुंदी ३.७ मीटर, मधली उंची १० सेंटिमीटर, वक्राची त्रिज्या १७ मीटर, आणि त्यावरून गाडी ताशी २५ किलोमीटरनं जावी. म्हणजे आमचा उंचवटा मापापेक्षा चार बोटं... बरं, चार सेंटिमीटर उंच म्हणू, पण रुंदीला आठवा हिस्सा. खरं दुखणं रुंदीत आहे.

कसं ते सांगतो. १४ बाय ४५ च्या उंचवट्याचा गोलावा काढला तर त्रिज्या साधारण २५ सेंटिमीटर भरते. छोट्या गाडीच्या चाकाची त्रिज्याच २८ च्या आसपास असते. म्हणजे रस्त्यावरचं वळण टायरच्या वळणापेक्षाही तिखट. टायर त्याच्यावर चढत नाही, जाऊन आदळतो. रिम वाकतो, टायरच्या कडेला फुगा येतो, अलाइनमेंट जाते ती इथं.

शॉकअपचंही तसंच. त्याच्या आत तेल असतं आणि पिस्टनला बारीक भोकं असतात. पिस्टन सावकाश दबला की तेल त्या भोकांतून निघून जातं आणि दणका विरतो. ३.७ मीटरच्या उंचवट्यावर २५ च्या वेगानं १० सेंटिमीटर चढायला चाकाला पाव सेकंद मिळतो. आमच्या उंचवट्यावर १० च्या वेगानं गेलं, तरी १४ सेंटिमीटर चढायला त्याच्या जेमतेम निम्मा वेळ मिळतो. तेवढ्यात तेल जाणार कुठं? मग दणका वर जातो : बुश, माउंटिंग, बॉल जॉइंट. बुशचं रबर चिरतं, धातू धातूला लागतो आणि मालक येऊन सांगतो, "पुढून खडखडतंय."

आणि पोटाचं गणित. चाकांमधलं अंतर अडीच मीटर धरलं, तर मापाच्या गतिरोधकावर पुढची आणि मागची चाकं एकाच वेळी उंचवट्यावर असतात. गाडीच्या पोटाकडं फक्त साडेचार सेंटिमीटर भाग वर येतो. आमच्याकडं पुढची चाकं पार उतरून जातात, मागची अजून खालीच असतात आणि मधे १४ सेंटिमीटरचा डोंगर. रिकाम्या गाडीचं पोट जमिनीपासून सतरा-एक सेंटिमीटर असतं. पाच माणसं बसली, डिक्कीत सीएनजीची टाकी असली, की काय उरतं? गुरुजींचा चेंबर तिथं गेला.

चालवणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. निम्मं काम तेही मला देतात. पुष्कळजण स्पीडब्रेकरच्या माथ्यावर ब्रेक दाबून असतात. ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली जातं, पुढचे शॉकअप आधीच दबलेले, त्यात वरून दणका. वेग आधी कमी करावा, आणि चढताना ब्रेक सोडावा. दुसरे तिरकी गाडी घालणारे. चेंबर वाचतो, पण सगळी बॉडी पिळवटते आणि वर्षभरात दरवाजे कुरकुरायला लागतात. (रिक्षावाले कडेच्या मातीतून काढतात, ते वेगळंच शास्त्र आहे.)

हे उंचवटे होतात कसे, तेही मला माहीत आहे, कारण एक होताना मी पाहिलाय. शाळेसमोर चौथीतल्या पोराला धडक बसली. पोरगं वाचलं, पण गावानं रस्ता अडवला. संध्याकाळी कुणीतरी फोन केला, रात्री कुठल्यातरी कामावरची उरलेली खडी-डांबर आली आणि दोन घमेल्यांचा हिशेब न ठेवता ढीग ओतला. रोलर नाही, साचा नाही, पट्टे नाहीत. सकाळी पहिला दूधवाला त्याच्यावरून पडला. मीही त्या गर्दीत उभा होतो, "उंच करा, उंच!" म्हणणाऱ्यांत. तेव्हा मापाचं कुणाच्याच डोक्यात नव्हतं, माझ्याही नाही. त्यामुळं स्पीडब्रेकर काढून टाका, असं मी म्हणणार नाही. शाळेसमोरचा तर मुळीच नाही. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या जोडून कसे येतात, ते आपण पाहिलं असेलच.

तयार प्लॅस्टिकचे काळे-पिवळे तुकडे बोल्टनं ठोकतात, त्यांचं एकच सांगतो. वर्षभरात मधला तुकडा निघून जातो आणि बोल्ट तसाच उभा राहतो. माझ्याकडं असे टायरमधून काढलेले बोल्ट डब्यात साठलेत.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९८ अ आलं. रस्ता ठरल्या मानकांप्रमाणं केला नाही आणि त्यामुळं मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर कंत्राटदार, सल्लागार, संबंधित यंत्रणा यांना एक लाखापर्यंत दंड. चांगलं आहे. पण आधी कुणीतरी मरावं, नाहीतर कायमचं अधू व्हावं लागतं. गुरुजींचं इंजिन त्यात बसत नाही, आणि हा उंचवटा कुणी घातला असं विचारलं, तर रस्ता आमच्याकडं नाही, एवढंच उत्तर तीन टेबलांवर मिळतं.

माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक उपविभागात ३.७ मीटरचा एक लोखंडी साचा ठेवा. कंत्राटदाराचं बिल निघण्याआधी तो साचा स्पीडब्रेकरवर टेकवून फोटो काढायला लावा. साच्याखाली फट दिसली किंवा तो डुगडुगला, तर बिल थांबवा. अलीकडं ४० मीटरवर सूचना फलक हवा, तोही त्याच फोटोंत येऊ द्या. आणि त्या फलकाच्या खांबावर हा गतिरोधक कुणी, कधी घातला, ते दोन ओळींत रंगवा. जुने बेढब उंचवटे खरवडायचे, तर त्याच दिवशी मापाचा घाला. नाहीतर रात्रीत पुन्हा ढीग पडेल, आणि कदाचित मीच तिथं बॅटरी धरून उभा असेन.

साचा मी करून ठेवलाय. पट्टी वाकवून, मधे टेकू वेल्ड करून, १७ मीटरचा गोलावा दोरीनं आखून. गॅरेजच्या भिंतीला उभा आहे, आपल्या इंजिनिअरना पाठवलं तर फुकट देईन. आणि आपलं स्वतःचं येणं झालं, तर एक विनंती : मोठ्या गाडीतून येऊ नका, त्यात काही कळायचं नाही. गुरुजींची गाडी आता दुरुस्त झालीय. मागं तिघांना बसवून आपणच चालवत आणा, मी स्पीडब्रेकरजवळ उभा राहतो.

आपला,
एक गॅरेजवाला