दहापट चिमटा करताना शिकायचे ते काय?

संपादक महोदय,

वास्तुकला आणि डिझाइन महाविद्यालयांचे पहिले वर्ष सुरू झाले की ‘रोजच्या वापरातली एक वस्तू दहापट मोठी करा’ हे काम अनेक ठिकाणी दिले जाते. पंधरा दिवसांनी वर्गात थर्माकोलची पेन्सिल, थर्माकोलचा खोडरबर, थर्माकोलचे नेलकटर अशी रांग लागते. रंग चोख, कडा घोटलेल्या, आणि त्यातल्या कितीतरी वस्तू मॉडेल करून देणाऱ्या दुकानातून आलेल्या. गुण मिळतात, वस्तू कचऱ्यात जाते आणि ज्यासाठी हे काम दिले ते शिकायचे राहूनच जाते. म्हणून हे पत्र.

प्रमाण बदलले की वस्तू तीच राहत नाही, हे आपल्या घरातल्या भांड्यांतच दिसते. तांब्या, कळशी, घागर, हंडा, घंगाळ ही सगळी पाण्याचीच भांडी, पण हंडा म्हणजे फुगवलेला तांब्या नव्हे. तांब्या गळ्याला धरून उचलायचा, म्हणून त्याचा गळा हाताच्या मापाचा. कळशी कमरेवर टेकते आणि हात तिच्या गळ्याला वेढा घालतो. घंगाळ भरले की एकट्याला उचलत नाही, म्हणून त्याला दोन बाजूंना कड्या. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझायनर दांपत्याने 1958 मध्ये भारत सरकारला दिलेल्या अहवालात लोट्याविषयी याच जातीचे प्रश्न मांडले होते: पाणी किती मावावे, हात कोणाचा, न्यायचे डोक्यावर की कमरेवर. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची 1961 मधली स्थापना याच अहवालाच्या पायावर झाली. पहिल्या वर्षाच्या वर्गात हे प्रश्न आज फारसे विचारले जात नाहीत, याची खंत वाटते.

वस्तू निवडतानाच अर्धे काम होते. पेन्सिलीत हलणारे काही नाही, त्यामुळे ती मोठी करून हाती काही लागत नाही. कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा घ्यावा: दोन पट्ट्या, एक स्प्रिंग, बस्स. तो साधारण 72 मिमी लांब असतो, म्हणजे दहापट केल्यावर 72 सेंमी. माप व्हर्नियरनेच (मिमीचा दशांशही मोजणाऱ्या साधनाने) घ्यावे. मोजपट्टीवर अर्धा मिमी चुकला की मोठ्या चिमट्यात 5 मिमीची चूक होते आणि जबडा तिरका बसतो. आधी 1:1 (मूळ मापाची) आणि मग 10:1 (दहापट) अशी समोरून, बाजूने आणि वरून रेखाटने करावीत, त्यानंतरच कटर हातात घ्यावा.

साहित्य म्हणजे किराणा दुकानातली पाच पदरी खोकी. चिमट्याची पट्टी भरीव करायला गेलात तर पुठ्ठ्याचे वीसेक थर लागतात. त्यापेक्षा दोन बाजू कापून आत दर 7-8 सेंमीवर फासळ्या घालाव्यात. पुठ्ठ्यातल्या नळ्या लांबीच्या दिशेने हव्यात, आडव्या ठेवल्या तर दाबताच पट्टी मधोमध मोडते. कापताना एका दमात न कापता मोजपट्टी धरून तीन-चार वेळा हलके पाते फिरवावे. बोथट पाते नळ्या चेपवते. फेव्हिकॉलमध्ये पाणी असते, एकाच बाजूला जाड थापले की पुठ्ठा वाकतो. पातळ लावून रात्रभर वजनाखाली ठेवावे. थर्माकोलचाच हट्ट असेल तर रबरी सोल्यूशन लावू नये, त्यातल्या द्रावकाने थर्माकोल विरघळून खड्डे पडतात.

खरी परीक्षा स्प्रिंगची. लांबी दहापट झाली की छेदाचे क्षेत्रफळ शंभरपट आणि वजन हजारपट होते. त्याच धातूची स्प्रिंग त्याच प्रमाणात वाढवली तरी जबड्याची पकड शंभरपटच वाढते. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या मानाने मोठा चिमटा दहापट दुबळा. साधी सळई वाकवून केलेली स्प्रिंग तर वाकते ती वाकलेलीच राहते. इथे विद्यार्थ्याला आकार सोडून काम कसे चालते याचा विचार करावाच लागतो. स्प्रिंगच्या वेटोळ्याच्या जागी 75 मिमीचा पीव्हीसी पाइप बसवायचा आणि त्याच्या पुढे, जबड्याच्या बाजूला, सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिमट्याच्या दोन्ही पट्ट्यांभोवती ताणून गुंडाळायचे. पहिल्या वेळी पाइप बसतो ती पुठ्ठ्यातली खाच हमखास चेपते, कारण सगळा दाब पुठ्ठ्याच्या उघड्या कडेवर येतो. खाचेला डब्याच्या पत्र्याचे अस्तर दिले की दाब पसरतो. मूळ चिमटा ओला टॉवेल धरतो, तर याने निदान सतरंजी धरून दाखवावी.

मग संदर्भ, म्हणजे वस्तू कुठे ठेवली आहे ते. शिल्पकार क्लेस ओल्डेनबर्गचा 45 फुटी पोलादी चिमटा 1976 पासून अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात सिटी हॉलसमोर उभा आहे. दोरीवरून तो चौकात आला आणि अनेकांना त्यात मिठी मारलेली जोडी दिसू लागली. आपल्याकडे चौक सुशोभीकरणात फायबरच्या मोठाल्या वस्तू उभ्या राहतात, तेव्हा ‘इथेच का आणि एवढीच का’ हे विचारणारे कोणी टेबलाशी बसलेले नसते. ती सवय पहिल्या वर्षातच लागायला हवी. त्यासाठी वेगळा खर्चही नाही. मूळ, छोटा चिमटा अंगणात, जिन्यात, बाकाच्या जागी असा ठेवून 1:100 ची, म्हणजे खऱ्यापेक्षा शंभरपट लहान, पुठ्ठ्याची माणसे शेजारी उभी करावीत. या प्रमाणात माणसाची नजर जमिनीपासून दीड सेंमीवर येते, म्हणून मोबाइल उलटा धरून लेन्स जमिनीला टेकवूनच फोटो घ्यावा. वरून काढलेल्या फोटोत वस्तू खेळणेच दिसते.

ज्युरींना, म्हणजे काम तपासणाऱ्या परीक्षकांना, एवढीच विनंती: निम्मे गुण मापांच्या रेखाटनांना आणि मोडलेल्या पहिल्या चिमट्याला द्या. तो मोडका चिमटा टेबलावर नसेल, तर काम तपासायला घेऊच नका.

– पहिल्या वर्षाची कार्यशाळा घेणारे काही शिक्षक, पुणे